उजवीकडचा उजेड

मोखाड्याच्या दवाखान्यात नर्स म्हणून रुजू होऊन मला वर्ष झालं असेल, तेव्हा आम्हाला जीप मिळाली. सत्तरच्या आसपासची गोष्ट. कुठल्यातरी लांबच्या देशाने आमच्या आरोग्यासाठी ती पाठवली होती. त्या देशात गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात हे आम्हाला जीप बघूनच कळलं, कारण तिचं स्टिअरिंग डावीकडे होतं. सोबत एक जाडजूड पुस्तकही आलं होतं. त्यातली भाषा आमच्यापैकी कुणालाच येत नव्हती, म्हणून डॉक्टरांनी ते कपाटात ठेवून कुलूप लावलं.

जीपवर जे ड्रायव्हर आले ते पन्नाशी ओलांडलेले होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे, मीही म्हणायचे. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांच्या चाकाखाली कोंबडीसुद्धा आली नव्हती. आमच्या खात्यात एक पद्धत होती. ज्याच्या सेवापुस्तकात निष्काळजीपणाची एकही नोंद नाही, अशा ड्रायव्हरला निवृत्त होताना प्रमाणपत्र मिळायचं. मामांना ते हवं होतं, आणि त्यांनी ते कधी लपवलंही नाही. खोलीत त्यांनी त्यासाठी खिळा ठोकून ठेवला होता. निवृत्तीला अजून दोन वर्षं आहेत, एवढी घाई कसली, असं मी एकदा विचारलं. "भिंत नुकतीच लिंपली होती," ते म्हणाले, "ओल्यात खिळा बरा बसतो."

आठवड्यातून दोनदा आम्ही जव्हारहून लस आणि औषधं आणायचो. मामा डावीकडे बसून चालवायचे, मी उजवीकडे. त्यांना समोरून येणारं काही दिसायचं नाही, म्हणून पुढची बैलगाडी ओलांडायची असली की विचारायचे, "सिस्टर, जाऊ का?" मग मी बाहेर वाकून बघायचे आणि "जा" म्हणायचे. आणि ते जायचे. माझ्या नवऱ्याने माझ्यावर कधी एवढा विश्वास टाकला नाही.

परतताना दिवस मावळायचा आणि दिवे लावावे लागायचे. तिथून सगळं बिघडलं. समोरून येणारी प्रत्येक गाडी आम्हाला शिव्या घालत जायची. मामा घाटात समोरच्याला बघून न चुकता डिपर द्यायचे, दिवे खाली करायचे, तरी शिव्या. एका बसच्या ड्रायव्हरने तर बस आडवी लावली आणि खिडकीतून म्हणाला, "मामा, तुमचं वय बघून गप्प बसतो. लोकांच्या डोळ्यांत उजेड मारणं शोभत नाही." 

डोळ्यांत उजेड जायचा तो उजवीकडच्या. आमच्या डावीकडे मात्र अंधार. आणि जव्हारहून येताना डावीकडे डोंगर, उजवीकडे दरी, त्यामुळे बाजारातून परतणाऱ्या बाया डोंगराला धरून डावीकडूनच रांगेने चालायच्या. सकाळी मोळ्या विकायला न्यायच्या आणि संध्याकाळी मीठ, तेल, सुके बोंबील डोक्यावर घेऊन पाड्यावर परत.

पोशेऱ्याच्या अलीकडे एक वळण आहे. तिथे एका संध्याकाळी जीपच्या डाव्या बाजूला काहीतरी घासलं. मामांनी ब्रेक मारला. एक बाई चरात बसलेली होती, पाटी उपडी. मी धावत गेले. तिचं कोपर खरचटलं होतं, बाकी काही नव्हतं. माझी पट्टी बांधून होईपर्यंत ती रस्त्याकडेच बघत होती.

"मना नाय लागला," ती म्हणाली. "मीठ सांडला."

मामा गुडघ्यांवर बसून मीठ गोळा करत होते. त्यात माती, खडे सगळं येत होतं, तरी ते भरत होते. तिने सांगितलं राहू द्या, तरी भरत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्या पाड्यावर नवं मीठ पोचवलं आणि दवाखान्यात येऊन सांगितलं, हे दिवे सुधारेपर्यंत दिवस मावळल्यावर मी जीप काढणार नाही. डॉक्टर म्हणाले, अडलेली बाई दिवस बघून अडते का? मामा म्हणाले, नाही. आणि चावी टेबलावर ठेवली.

मी तापट आहे. मला गोष्टी ताबडतोब लागतात. मी म्हटलं, यात अवघड काय आहे? उजवीकडे उजेड जास्त, डावीकडे कमी, म्हणजे बसवणाऱ्याने दिव्याच्या काचा उलट बसवल्या. उजवी डावीकडे लावा आणि डावी उजवीकडे. हे सगळ्यांना इतकं पटलं की डॉक्टरांनी शाबासकी दिली. मामा आणि कंपाउंडर रविवारचा पूर्ण दिवस काचा काढत-लावत बसले, शेवटी एक नारळही फोडला. तिन्हीसांजेला दिवे लावले. काडीचा फरक नव्हता. दोन्ही काचा हुबेहूब सारख्या होत्या आणि दोन्ही उजवीकडेच बघत होत्या. पुढे कितीतरी दिवस माझं इंजेक्शन देऊन झालं की कंपाउंडर पेशंटला विचारायचा, "बरोबर दंडात दिलंय ना?"

अखेर आम्ही जव्हारच्या चाचांकडे गेलो. ते लग्नांना गॅसबत्त्या भाड्याने द्यायचे आणि दुरुस्तही करायचे. त्यांनी जीप दुकानाच्या पांढऱ्या भिंतीसमोर उभी करायला लावली आणि अंधार पडायची वाट बघितली. मग दिवे लावून भिंतीवर जिथपर्यंत उजेड होता तिथे कोळशाने रेघ ओढली. रेघ डावीकडून सरळ आली आणि मध्यावरून उजवीकडे वर चढत गेली.

"बाई, त्यांच्या मुलखात लोक उजव्या कडेने चालतात ना?" चाचा म्हणाले. "मग काचेने तीच कड दाखवायची. काच बरोबरच आहे. मुलूख चुकला."

काचेच्या आतल्या बाजूला बारीक उभ्या-आडव्या खाचा होत्या, उजेड त्या वळवत होत्या. चाचांनी त्यातल्या एका कोपऱ्यावर काळा कागद चिकटवला आणि वर चढलेला उजेड गेला. समोरच्यांचे डोळे वाचले. डावी कड मात्र काळी ती काळीच. त्यासाठी आपल्याकडची काच हवी, ते म्हणाले. मापात बसेल अशी एका मोडीतल्या ट्रकची माझ्याकडे आहे. पण मामा सरकारी गाडीला मोडीतली काच लावायला तयार होईनात. सरकारी भांडारात आपल्याकडच्या काचा होत्या. रीतसर मागू या, असं ठरलं.

मी अर्ज लिहिला. दोन पानं लिहिली, भिंतीवरच्या रेघेचं चित्रही काढलं. महिन्याने उत्तर आलं. काच फुटलेली असल्याखेरीज बदलून देता येत नाही. अर्जावरून काच सुस्थितीत असल्याचे दिसते. सबब अर्ज दप्तरी दाखल.

पत्र मी जीपपाशी उभ्याने वाचलं. शेजारी जॅकचा दांडा पडला होता. मी तो उचलला आणि उजव्या दिव्यावर घातला. मला फार बरं वाटलं. मामा चहा घेत होते. त्यांनी कप खाली ठेवला, केरसुणी आणली आणि काचा गोळा केल्या.

मी खरं तेच कळवलं, की काच माझ्या हातून फुटली. वरून उत्तर आलं की वाहनाच्या नुकसानीस चालक जबाबदार असतो, मग ते कोणाच्याही हातून होवो. मामांच्या सेवापुस्तकात निष्काळजीपणाची नोंद झाली. ती मीच वाचून दाखवली, त्यांना चष्मा सापडत नव्हता. मी रडले. दुसरं पत्र लिहिते म्हटलं, स्वतः जाऊन भांडते म्हटलं. ते म्हणाले, "असू द्या, सिस्टर."

नवी काच आली. एकच आली, कारण एकच फुटली होती. ती बसवून आम्ही दोघं त्या वळणापर्यंत जाऊन आलो. उजव्या दिव्याने डावी कड जराशी दिसली, गवताचे शेंडे तेवढे. डावा दिवा अजून परमुलखातच होता.

दवाखान्यात आल्यावर मामांनी जीप झाडाखाली लावली. डाव्या दिव्याखाली गोणपाट अंथरलं, तुकडे कुणाच्या पायात जायला नकोत म्हणून. मग जॅकच्या दांड्याने काचेवर एकदाच ठोकलं, अंडं फोडावं इतक्या बेताने. अहवाल त्यांनी स्वतः लिहिला. एकच ओळ होती: काच मी फोडली. अपघातात फुटली असं लिहा, असं डॉक्टरांनी परोपरीने सांगितलं. मामा म्हणाले, मी अपघात केलेला नाही. दुसरी नोंद पहिलीपेक्षा कडक शब्दांत झाली.

दुसरी काच आली, डावी कड नीट दिसायला लागली आणि जीप पुन्हा केव्हाही निघायला लागली. मामा निवृत्त झाले त्या दिवशी त्यांना नारळ आणि शाल मिळाली. भाषणं झाली. प्रमाणपत्राचा विषय कुणी काढला नाही.

पुढे कधीतरी मी मोखाड्याहून जामसरजवळ त्यांच्या घरी गेले. डोळे गेले होते त्यांचे, मोतीबिंदू फार उशिरा दाखवला होता. आवाजावरून मला ओळखलं. तो खिळा इथेही होता. खोली सोडताना उपटून आणला असणार. त्याला काहीच टांगलेलं नव्हतं. मी त्याच्याकडे बघत म्हटलं, "मामा, माझ्यामुळे तुमचं प्रमाणपत्र गेलं. मला माफ करा." इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदा बोलले होते.

त्यांनी विचारलं, "सिस्टर, संध्याकाळच्या आलात ना? पोशेऱ्याच्या वळणावर बाया होत्या?"

"होत्या," मी म्हटलं. "सात-आठ जणी."

"सगळ्या दिसल्या?"

"सगळ्या दिसल्या, मामा."

त्यांनी मान हलवली आणि सुनेला माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला.