लाईट आल्याचा फोन

नमस्कार मंडळी. इथले अनुभव मी दोन वर्षांपासून गुपचूप वाचतो, पण लिहिलं कधीच नाही. एक तर शाळा आठवीतच सुटली. लिहायची सवय फक्त रिपेरिंगच्या पावतीवरची... "डिस्प्ले गेला", "चार्जिंग होत नाही", एवढीच. तेव्हा चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

आणि दुसरं म्हणजे, माझा अशा गोष्टींवर भरवसा नव्हता. मी मोबाईल दुरुस्त करतो. फोनमधल्या प्रत्येक भुताचं नाव आम्हाला माहीत असतं. फोन आपोआप बंद होतो? बॅटरी. आपोआप नंबर लागतो? स्क्रीनमध्ये पाणी. घाबरून आलेल्या कितीतरी गिऱ्हाइकांना मी हसत हसत परत पाठवलं आहे. म्हणून स्वतःवर आलं तेव्हा कोणाला सांगायचीही लाज वाटली.

मी अमरावतीत राहतो. गाव पातूरच्या पुढे, अकोला जिल्ह्यात. लोक म्हणतात, हे काय लांब आहे! नकाशावर नाहीच. पण अकोल्याला बस बदलून, पुढे पातूर आणि मग ऑटो, असे चार-साडेचार तास जातात. आणि जिथे आपलं कोणी नाही ते गाव लांबच असतं, असं मला वाटतं. आई मी सातवीत असताना गेली. घरी बाबा एकटे. तीन एकरात शेवंती, झेंडू, थोडी वांगी. मी इथे इरफानभाईंच्या दुकानात. अकरा वर्षं झाली. स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा हेही येत नसताना या माणसानं मला जवळ बसवून काम शिकवलं, ते मी विसरू शकत नाही.

आता मुख्य गोष्टीआधी दोन गोष्टी सांगाव्या लागतील, नाहीतर काही समजणार नाही.

पहिली, ॲपची. कामाला बसलो की माझ्या एका हातात सोल्डरिंगची गन आणि दुसऱ्यात चिमटा. फोन कोणाचा आला बघायला मान वर केली की बारीक पार्ट उडून गेलाच. म्हणून मी माझ्या फोनमध्ये नाव सांगणारं ॲप टाकलं होतं. फोनसोबत आलेलं नाही, बाहेरचं... ज्याला थर्ड पार्टी म्हणतात. कॉल आला की एक बाई मोठ्यानं नाव वाचून सांगते.

दुसरी, मोटरची. आमच्याकडे शेताला थ्री फेज लाईट आठ तास मिळते. पाळी बदलत राहते, आणि मध्येच जाते ती वेगळी. म्हणून शेतकरी विहिरीच्या मोटरला मोबाईल स्टार्टर लावतात. डबा असतो, त्यात सिमकार्ड. लाईट आली की डबा त्यात पहिला टाकलेल्या नंबरला, म्हणजे मालकाला, फोन करतो, मग तो मोटर चालू करतो. बाबांनी तो बसवला त्या दिवशी मी सुटीवर गावी होतो. बाबांचा फोन घरी चार्जिंगला राहिलेला. मेकॅनिकनं ट्रायल म्हणून माझा नंबर पहिला टाकला, ट्रायल झाली, आलेला नंबर मी "मोटर" नावानं सेव्ह केला, चहा झाला, तो निघून गेला. बदलायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी मी अमरावतीत, आणि माझ्या खिशात फोन बोलला, "मोटर."

म्हणजे बाबांच्या शेतात लाईट आली की कळायचं मला!

मग मी बाबांना फोन लावायचो. "बाबा, लाईट आली."

"बरं."

फोन बंद. कधी मूड असला तर, "बरं. जेवला काय?" बाबांना नंबर लावता येत नसे, आलेला फोन उचलायचा एवढंच येई. सहा वर्षं हे असं चाललं. सोबतची पोरं हसायची, की गज्या अमरावतीत बसून पातूरची लाईट सांगतो. पण खोलीवर मी एकटा, जेवण डब्याचं, त्यात दिवसातून एकदोनदा ते "बरं" ऐकलं की कसं... आपण कुठल्या तरी घरचे आहोत असं वाटायचं.

पुढे मला कळलं की नंबर बदलणं म्हणजे एका मेसेजचं काम. दिवाळीला गेलो तेव्हा म्हटलं, "बाबा, तुमचा नंबर पहिला करून देतो. दोन मिनिटं लागतील." बाबा झेंडू ओवत बसले होते. वर न बघता म्हणाले, "राहू दे. चालू हाये तं हात कायले लावतं?"

मी हात लावला नाही.

मागच्या वर्षी पावसाळा संपता संपता बाबा गेले. आजारपण नाही, काही नाही. तेरवी झाल्यावर तो डबा मी स्वतः उतरवला. सिम काढून पाकिटात ठेवलं, बाबांच्या पासपोर्ट फोटोमागे. शेत शेजारच्या दादाराव काकांना बटईने, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, दिलं. काकांनी साधा स्टार्टर बसवला, लाईट आली की डब्यावर तीन दिवे लागतात तसला. मोटर तीच, पण आता तिच्याकडे फोन नव्हता. इथपर्यंत सगळं सरळ आहे.

दोनेक महिन्यांनी, भर दुपारी, दुकानात गर्दी असताना माझा फोन बोलला.

"मोटर."

स्क्रीन काळी झाली. दोन-तीन सेकंद फोन हँग, मग आपोआप ठीक. कॉल लॉग पाहिला, काही नाही. मिस कॉल नाही, मेसेज नाही. आणि तुम्हाला सांगतो, माझं बोट सवयीनं बाबांच्या नंबरवर गेलं होतं. लागलाही असता... मी झटकन कट केला. लाईट आली, पण सांगायचं कोणाला? त्या दिवशी मी एका बाईच्या फोनची चांगली स्क्रीन फोडली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी इरफानभाई म्हणाले, "ये मोटर मोटर क्या लगा रखा है तेरे फोन ने?"

"बग आहे भाई."

"तो निकाल ना! दूसरों के निकालता है, अपना नहीं निकलता?"

त्यांचं बरोबर होतं. दुकानाचं सिमही माझ्याच फोनमध्ये. हँग झाला की गिऱ्हाइकाचा कॉल जायचा.

मी रीतसर कामाला लागलो. आधी सेफ मोड. त्यात फोनचं मूळचं तेवढंच चालतं, बाहेरची सगळी ॲपं झोपतात. दोन दिवस फोन एक शब्द बोलला नाही. म्हणजे दोष बाहेरच्या ॲपचा, हे नक्की झालं. आनंद व्हायला पाहिजे होता. पण ते दोन दिवस मला दुकान इतकं सुनं वाटलं की विचारू नका.

मग एकेक ॲप काढत गेलो आणि त्या नाव सांगणाऱ्या ॲपवर येऊन थांबलो. ते काढलं की शांत, टाकलं की "मोटर". कॅशे, म्हणजे ॲपनं साठवलेलं जुनं, साफ केलं. ॲप उडवून नवीन टाकलं. शेवटी कॉन्टॅक्टमधलं "मोटर" हे नावच डिलीट केलं, बॅकअपमधूनसुद्धा. आता फोनमध्ये हा शब्द कुठेच नव्हता. संध्याकाळी चहा पिताना ॲपमधली बाई बोलली, "मोटर."

इरफानभाईंनी फोन हातात घेऊन अर्धा तास घालवला. "समझ में नहीं आ रहा यार. सोमवार को फुल रीसेट मार. खेल खतम." मी हो म्हटलं. ॲप नुसतं काढून टाकता आलं असतं, हे तुम्हीही म्हणाल. मलाही कळत होतं. हात धजत नव्हता.

मधल्या काळात मी एक केलं होतं. कोणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडेना, म्हणून एकदा फोन बोलल्यावर दादाराव काकांना लावला. "काका, लाईट आली का?"

"हाव, आत्ताच आली. तुले कोनं सांगतलं?"

"असंच विचारलं."

म्हटलं, पाळी ठरलेली असते, जुळलं असेल. पुढच्या आठवड्यात पाळी बदलली, तरी जुळलं. मग वाऱ्यानं खांब पडला आणि दोन दिवस लाईटच नव्हती. दोन दिवस फोनही गप्प. तिसऱ्या दिवशी पावणेतीनला बोलला. काकांना लावला तर काका ओरडले, "अबे, लाइनमन खांबावरून उतरला बी नाही अजून! तू काय तारेले कान लावून बसला काय?"

मी हसलो. फोन ठेवल्यावर मात्र ती वेळ पावतीमागे लिहून ठेवली.

रीसेटच्या आदल्या दिवशी, रविवारी, मी गावी निघालो. कामाचं निमित्त होतं, पण खरं म्हणजे एकदा त्या विहिरीवर जाऊन यायचं होतं. अकोल्याच्या स्टँडवर पातूरच्या गाडीची वाट बघत उभा होतो. अकरा वाजले असतील. एका हातात कचोरी. गर्दीत फोन बोलला, "मोटर." शेजारची म्हातारी माझ्याकडे बघायला लागली.

मी काकांना लावला. "काका, लाईट आली."

"नाही रे बाप्पा. सकाळपासून नाही."

"नाही?"

"दिवे बंद हायेत डब्ब्याचे. म्हनून तं खोलून बसलो. एक वायर ढिल्ली झाली हाये, तेवढी कसून घेतो."

मंडळी, आधी मला काय वाटलं ते खरं सांगतो. वाईट वाटलं. म्हणजे पहिल्यांदा चुकलं, म्हणजे बगच होता, म्हणजे इतके दिवस मी वेड्यासारखा... आणि मग काकांचं वाक्य पुन्हा कानात वाजलं. खोलून बसलो.

"काका, हात लावू नका!"

"काहून?"

"टेस्टर लावून पाहा आधी."

"अबे, दिवे बंद हायेत म्हनलं नं! चाळीस वर्षं झाले मोटरी खोलून राहिलो, तू आता मले शिकवतं काय?"

"काका, पाया पडतो. एकदाच लावा. बाबांचा पोरगा सांगतो म्हणून लावा."

फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. माझ्यासमोर गाड्या येत होत्या, कंडक्टर ओरडत होता, पातूरची गाडी लागली आणि भरलीही. कचोरी कधी हातातून पडली कळलं नाही. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग काकांचा श्वास ऐकू आला.

"पेटला रे टेस्टर," काका म्हणाले. आवाज एकदम बारीक. "तिन्ही तारांत हाये."

पुढच्या गाडीनं पोचलो तेव्हा काका धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसले होते, काकू चहाची किटली घेऊन शेजारी. आदल्या दिवशी व्होल्टेज वाढून डब्यावरचे तिन्ही दिवे उडाले होते. लाईट आली तरी दिसणार कुठून? त्या रानात त्या वेळी लाईट आहे हे कोणालाच माहीत नव्हतं.

"खरं सांग," काका म्हणाले, "तुले कसं समजलं?"

मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. पाकिटातून बाबांचं सिम काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. काका कितीतरी वेळ ते नखाएवढं सिम बघत राहिले. मग म्हणाले, "तुया बापाले जिंदगीत कोनाले फोन लावता आला नाही. आता बरा लावून राहिला!"

काकू हसल्या आणि लगेच पदर डोळ्याला लावला. मी विहिरीकडे तोंड करून चहा प्यालो.

सोमवारी दुकानात गेलो. इरफानभाईंना सगळं सांगितलं. ते असल्या गोष्टी मानत नाहीत, आजही नाही. पण त्यांनी ड्रॉवरमधून एक जुना हँडसेट काढला. "दुकान का सिम इसमें डाल. वो फोन तेरा है, जैसा है वैसा रख." त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही. त्यांचे उपकार कसे फेडू मला कळत नाही.

पंधरा दिवसांनी काकांनी नवीन मोबाईल स्टार्टर बसवला. मेकॅनिक म्हणाला, मालकाचा नंबर सांगा. काकांनी माझा सांगितला. तो म्हणाला, "काका, फोन अमरावतीले जाईन नं!" काका म्हणाले, "तिकडेच जाऊ दे." हे मला काकूंनी सांगितलं, काकांनी नाही.

त्या दिवसापासून माझा फोन हँग झालेला नाही. ॲप तेच, फोन तोच. आता बाई बोलते ती खऱ्या कॉलवरच, आणि लॉगमध्ये नंबर दिसतो. बग आपोआप गेला... असा जातो का? मी हजारो फोन खोलले असतील, मला असा माहीत नाही. ॲपमध्ये जुनं काही अडकलं असेल, मान्य. पाळ्या मला पाठ होत्या, तेही मान्य. पण डिलीट केलेलं नाव ते कुठून वाचत होतं, आणि त्या रविवारी अकरा वाजता, दिवे उडालेले असताना? सिम तर माझ्या पाकिटात होतं. अजूनही आहे. तुमच्यापैकी कोणाला सॉफ्टवेअरमधलं जास्त कळत असेल तर जरूर सांगा, मी मनापासून वाचीन.

आणखी लिहिणार होतो, पण आत्ताच फोन बोलला. खरा कॉल आहे, लॉग पाहिला. काकांना सांगायला पाहिजे, लाईट आली म्हणून.