माहेरचा कप्पा

आमचे शेजारी दिगंबरराव दोन महिने एकाच चिंतेत आहेत: दिवाणखान्यातल्या माशांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीला रेफ्युजियम जोडावं की नाही. टाकी केवढी, तर डाळीच्या डब्याएवढी. चिंता मात्र गावाला धरण बांधायला काढल्यासारखी.

"रेफ्युजियम म्हणजे माहेर समजा," काल चहाचा घोट घेत त्यांनी मला शिकवलं. टाकीला लागून एक छोटा कप्पा, त्यात शेवाळ आणि शेवाळात मोहरीहून बारीक जीव. तिथे मासे शिरू शकत नाहीत, म्हणून ते जीव निवांत वाढतात. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर अनाथाश्रम काढल्याचं तेज होतं.

"आणि वाढल्यावर?" मी विचारलं.

"मग पाण्याबरोबर वाहत मोठ्या टाकीत येतात. माशांना ताजा खाऊ!"

खाणाऱ्या माशांचा मला राग येत नाही. ते बिचारे सरळ तोंड उघडतात. माणसाला मात्र आधी आडोसा द्यायचा असतो, त्याला गोड नाव ठेवायचं असतं, आणि वर स्वतःच्याच मायेनं गहिवरून घ्यायचं असतं. बोलता बोलता दिगंबररावांचे डोळे खरोखर पाणावले होते. मला चहा कडू लागला.

त्यांची बायको, सरलावहिनी, रिकामे कप न्यायला आल्या.

"अगं, तूच सांग. जोडू का हे माहेर?"

"जोडा की," टाकीकडे न बघताच त्या म्हणाल्या. "नाव अगदी शोभतंय. मलाही असंच जपून वाढवलं होतं."

दिगंबरराव खूश होऊन माझ्याकडे वळले. "बघा! हिलासुद्धा पटलं."