शॉकमधलं घट्ट तेल

लातुरात मी बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवतो. स्प्रिंगचं डोलणं आणि ते थांबवणं, हे प्रकरण माझं तोंडपाठ आहे. त्या जोरावर चाळिशीत रिमोटवर पळणारी ऑफ-रोड गाडी घेतली आणि वर्गात फुशारकी मारली की नांदेडच्या शर्यतीत सरांची गाडी बघा. पोरांनी दोनदा बघितली. दोन्ही वेळा ती उलटी पडून हवेत चाकं फिरवत होती. तिसऱ्या वेळी जिंकणं वगैरे सोडलं; एक शर्यत पुरी करून वर्गात तोंड दाखवायचं, एवढंच मागणं उरलं.

या गाडीचा शॉक, म्हणजे चाकाचे धक्के जिरवणारा भाग, ही बोटाएवढी नळी. आत तेल, तेलात भोकं पाडलेली चकती. तेल घट्ट असलं की गाडी ताठ राहते, पातळ असलं की डुलते. मी सगळ्यांत घट्ट तेल भरलं आणि घरच्या जेवणाच्या टेबलावर गाडी दाबून बघितली. अगदी पुस्तकातल्यासारखी, तसूभर हलेना. नांदेडला टेबल नव्हतं, काळ्या मातीची ढेकळं होती. सरावातच ती ताठ गाडी पहिल्या उंचवट्यावर उडाली आणि पाठीवर पडली.

घट्ट तेल भरण्याचं खरं कारण फिजिक्स नव्हतंच; हलणारं काही मला बघवत नाही. त्र्याण्णवच्या भूकंपात, मी लहान असताना, औशाला आमच्या घराची पुढची भिंत हलली आणि माझ्या डोळ्यांदेखत पडली. माणसं वाचली, पण आजही ट्रक जाऊन कपाटातली भांडी वाजली की मी आधी दार गाठतो आणि मग बायकोला हाक मारतो. या क्रमावरून घरात माझी पुष्कळ शोभा झालेली आहे.

बायको डबा घेऊन सोबत आली होती. उलटी गाडी बघून म्हणाली, "एवढी आवळून कशाला ठेवता वो? हलू द्या की तिला."

फिजिक्सच्या मास्तरानं बायकोचं ऐकून तेल बदललं. पातळ तेलावर गाडी अशी डुलायला लागली की मी तिला हातानं धरून ठेवली. शर्यत सुटली. पहिल्या वळणावर गाडी एका बाजूला कलली, मी डोळे घट्ट मिटले आणि ती कडेच्या टायरवर आदळली.

"डोळे उघडा!" बायको शेजारून ओरडली. "हलून राहिली, पडून नाही राहिली!"

उघडले. गाडी प्रत्येक ढेकळावर झुकत होती आणि सावरत होती. सगळ्यांच्या मागून, संयोजक सामान आवरायला लागल्यावर, ती रेषेपार आली.

बायकोनं माझ्याकडे बघितलं. "रडून राहिलात का वो?"

"हाव," मी म्हणालो. त्या भिंतीनंतर हलणारं काहीतरी मी पहिल्यांदाच शेवटपर्यंत बघितलं होतं, आणि ते उभं होतं.