बेपत्ता सदस्या आणि मोहाचं झाड

गेल्या महिन्यात आमच्या हवालदारांची तेरवी झाली. तिथून परतल्यापासून ती केस रोज आठवते. लिहायला बसलो की हात थांबतो. पण त्यांच्याविषयी काही लिहायचं तर सुरुवात त्या निवडणुकीपासूनच करावी लागेल. नावं कोणाचीच देत नाही. त्यातली बरीच माणसं अजून राजकारणात आहेत.

विधान परिषदेच्या आमच्या भागातल्या जागेची निवडणूक होती. या निवडणुकीत सामान्य माणूस मत देत नाही. जिल्हा परिषदेचे सदस्य, नगरसेवक, असे मोजकेच मतदार असतात, त्यामुळे प्रत्येकाचं गाव, सोयरीक आणि नाराजी उमेदवारांना तोंडपाठ असते. मी तेव्हा जंगलपट्ट्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. अशा वेळी अधीक्षक कार्यालय प्रत्येक ठाण्याकडून अंदाज मागवतं. आमच्याकडे ते काम गोपनीय अंमलदाराचं, म्हणजे हवालदारांचं. मतदारांची यादी, नावापुढे एक रकाना, आणि त्यात कोणाचं मत कुठे जाणार याची खूण.

दोन उमेदवार जोरात होते. एक रेतीचा कंत्राटदार. मंजुरी नसलेल्या घाटावरून ट्रक काढल्याच्या तक्रारी त्याच्यावर होत्या. दुसरा शाळांचा संस्थाचालक. शिक्षकांच्या नेमणुकांवरून त्याची चौकशी चालू होती. हवालदार यादी माझ्यापुढे ठेवत म्हणाले, "साहेब, एकानं नदी खाल्ली, एकानं शाळा. आता मतदाराईले इचारून राह्यले, कोणाचं पोट लहान हाये!"

खुणा मोजल्या तर दोघे जवळजवळ बरोबरीत. आमच्या हद्दीतली एक जिल्हा परिषद सदस्या तेवढी राहिली होती. तिच्या नावापुढे हवालदारांनी प्रश्नचिन्ह केलं होतं.

दुसऱ्याच दिवशी तिचा नवरा ठाण्यात आला. सोबत कंत्राटदाराची माणसं. बायको आठवडी बाजाराला गेली ती परतली नाही, संस्थाचालकाच्या लोकांनी तिला पांढऱ्या गाडीत घालून नेलं, अशी तक्रार. दुपारी कंत्राटदाराने पत्रकारांना बोलावून लोकशाहीचं अपहरण झाल्याचं सांगितलं. अपहरणाचा गुन्हा दाखल झाला असता तर संस्थाचालकाची निवडणूक तिथेच संपली असती. वरून फोन येऊ लागले. पण गाडी पाहणारा एकही साक्षीदार नव्हता. मी फक्त मिसिंग, म्हणजे बाई बेपत्ता असल्याची नोंद, दाखल केली आणि शोध सुरू केला.

तिसऱ्या दिवशी निनावी फोन आला: संस्थाचालकाने आपले मतदार मोहर्लीकडच्या, जंगल सफारीच्या गेटजवळच्या एका रिसॉर्टवर ठेवले आहेत, बाई त्यातच आहे. आम्ही गेलो. अंगणात पाच-सहा सदस्या चहा पीत बसल्या होत्या. आम्हाला पाहून एक म्हणाली, "दोन डाव सफारी झाली, वाघ काई दिसला नाई. आज पोलीस तरी दिसले!" खोल्या पाहिल्या, रजिस्टर पाहिलं. बाई तिथे नव्हती.

संस्थाचालकाच्या ड्रायव्हरला ठाण्यात आणून दोन तास विचारपूस केली. शेवटी तोच मला विचारू लागला, "साहेब, खरं सांगा, ती त्याईच्याकडं हाये का? आमचेबी लोक तिलेच शोधून राह्यले." मी त्याला सोडून दिलं. ज्याला ठाऊक असतं तो उत्तरं तयार ठेवतो; ज्याला ठाऊक नसतं तो आपल्यालाच प्रश्न विचारतो. नोकरीत हे मला पुन्हा पुन्हा दिसलं.

बाईचा मोबाईल बाजाराच्या गावातच बंद झाला होता. तिचा सख्खा भाऊ घुग्घुसला खाणीत कामाला. पाळी सुटताना आम्ही त्याला गेटवर गाठलं. कानांत कोळशाची भुकटी, हातात हेल्मेट. "मले काई मालूम नाई," एवढंच म्हणाला आणि मोटरसायकलला किक मारली. परतताना जीपमध्ये हवालदार म्हणाले, "चार दिवस झाले बहीण गायब हाये, अन् यानं एक गोष्ट इचारली नाई आपल्याले."

त्या संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला एकट्यालाच बोलावून घेतलं. समोर चहा ठेवला. मला वाटलं, घरात काही भांडण झालं होतं का, ते विचारतील.

"भाऊ, मोह कोण वेचून राह्यलं सध्या?"

"कोण वेचन? बायकोच वेचे. पडून हाये सारा. हरणं खाऊन राह्यले."

"अन् तिच्या आईचं झाड?"

"ते तिच्या माहेराले. सासू मरून दोन वर्सं झाले. घराले कुलूप हाये."

हवालदारांनी रजिस्टर मिटलं आणि मला म्हणाले, "साहेब, सकाळी लवकर निघू."

मोहाचं झाड सरकारी जंगलात असलं तरी गावाच्या रिवाजाने ते एखाद्या घराचं असतं. हंगामाच्या आधी त्या घरची बाई झाडाखालची जागा झाडून ठेवते. पहाटेपासून फुलं टपटपतात, ती वेचायची तिनेच. शेजारीण आपली टोपली रिकामी नेईल, पण दुसरीच्या झाडाखाली वाकणार नाही. मला हे पुस्तकातून माहीत होतं. हवालदारांच्या आईने मोह वेचून, विकून त्यांना शाळा शिकवली होती.

साध्या कपड्यांत आम्ही तिघे तिच्या माहेरी गेलो: हवालदार, एक महिला शिपाई आणि मी. जीप नाल्याअलीकडे ठेवली. घराला खरोखरच कुलूप होतं. वाडीतल्या दोन म्हाताऱ्यांनी मान हलवून सांगितलं, "नाई बा, ते तं आलीच नाई." मग आम्ही झाडाकडे गेलो. खालची जमीन लख्ख झाडलेली होती. कालचं एकही सुकलेलं फूल नाही, फक्त त्या सकाळी पडलेली पिवळी फुलं. हवालदार झाडापासून दूर, एका दगडावर बसले. "बाई येईन इथंच," म्हणाले.

उन्हं वर येण्याआधी ती आली. डोक्यावर टोपली. आम्हाला पाहून थांबली, पळाली नाही.

"कोणं सांगतलं?" तिने विचारलं.

"कोणंच नाई, बाई," हवालदार म्हणाले. "लपाचं होतं तं झाड सोडाचं होतं."

"आईचं झाड हाये भाऊ. मोह असा मातीत पडून राह्यला तं जेवण जाईन का मले?"

तिने सगळं सांगितलं. तिला कोणीही पळवलं नव्हतं. या निवडणुकीत उमेदवाराच्या नावापुढे पसंतीचा आकडा लिहून मत द्यायचं असतं; निरक्षर मतदाराला त्यासाठी सोबती घेता येतो. कंत्राटदाराच्या माणसाने तसा अर्ज तयार करून आणला होता. बाईला लिहिता-वाचता येत नाही, तिचं मत सोबती लिहील, असा. खाली अंगठा लाव, म्हणून नवरा मागे लागला होता.

"मी सातवी पास आहो, साहेब. पोराईले अभ्यास मी शिकवते. अन् मले अनपढ लिहून राह्यले. सही करते म्हटलं तं नवरा म्हणते, सही नाई पायजे, अंगठाच पायजे." बाजारातून ती एसटीत बसून सरळ इकडे आली आणि वाडीतल्याच एका म्हातारीकडे राहिली. एसटीत बसण्याआधीच तिने भावाला फोन करून मोबाईल बंद केला होता. "मतदानाच्या दिवशी मी येईन. त्याच्या आधी मले घरी नेऊ नका. नेलं तं तो अंगठा घेतल्याबिगर राह्यनार नाई."

मी अधीक्षकांना फोन करून वस्तुस्थिती सांगितली आणि तिथेच, महिला शिपायासमोर, जबाब लिहून घेतला. वाचून दाखवायला लागलो तर तिने कागद मागून घेतला. बोट ठेवत सगळा वाचला. मग पूर्ण नावाने सही केली. ती सज्ञान होती, स्वखुशीने राहत होती. मिसिंगचा तपास तिथे संपला. त्या जबाबाची प्रत आणि अंगठ्याबाबत तिची लेखी तक्रार मी त्याच दिवशी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे पोहोचवली.

ठाण्यात नवरा वाट पाहत होता. बाई सुखरूप आहे, ठिकाण सांगता येणार नाही, असं मी सांगितलं.

"माही बायको, अन् मलेच पत्ता नाई?"

हवालदार शांतपणे म्हणाले, "भाऊ, टोपलीभर मोह ते एकटी वेचते. एक आकडा लिहाले तिले माणूस कशाले लागते?"

नवरा उठून बाहेर पडला.

त्या सायंकाळी अंदाज पाठवायचा होता. मी हवालदारांना म्हणालो, तुमची तिच्याशी ओळख झाली आहे, मत कुणाला ते विचारून घ्या. त्यांनी प्रश्नचिन्ह खोडलं आणि रकाना रिकामा ठेवला. "यादीतलं हे घर रिकामंच जाऊ द्या, साहेब." वरून विचारणा झाली. मी माझ्या सहीने लिहून दिलं: अंदाज वर्तवता येत नाही.

मतदानाच्या दिवशी ती भावाच्या मोटरसायकलवर आली. बाहेर दोन्ही गटांची माणसं उभी होती. ती कोणाकडेही न पाहता एकटीच आत गेली आणि पाच मिनिटांत बाहेर आली. बोटाला शाई होती. निकाल अगदी थोडक्यात लागला. हरलेल्याने तिला दोष दिला, जिंकलेल्याने श्रेय घेतलं. दोघांनाही काही ठाऊक नव्हतं.

पुढे मी बऱ्याच निवडणुकांचे अंदाज पाठवले आणि ते बहुतेक बरोबर आले. माणूस कोणाच्या मंडपात बसतो यापेक्षा तो रोजचं कोणतं काम टाकू शकत नाही हे आधी पाहावं, हे मी या केसमध्ये शिकलो. आणि सगळं शोधता येतं म्हणून सगळं विचारायचं नसतं, हेही.

दुसरा धडा मात्र माझ्या अंगी पुरता मुरला नसावा. तेरवीला ती आली होती. केस पांढरे झालेले, चाल तशीच सरळ. हवालदारांच्या पत्नीजवळ बराच वेळ बसली. निघताना माझ्याकडे आली, नमस्कार केला. इतक्या वर्षांनी, दुःखाच्या घरात, माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई, तेव्हा मत कुणाला दिलं होतं?"

तिने हवालदारांच्या फोटोकडे हात केला.

"साहेब, हे भाऊ दरसाल भेटाले येत माह्याकडं. मरेपर्यंत त्याईनं इचारलं नाई. तुम्ही काऊन इचारता?"

मी हात जोडले. ती पायऱ्या उतरून भावाच्या मोटरसायकलकडे गेली.