तिसरीचा रिकामा वर्ग

पडदा वर जातो. समोर एक शाळेची खोली. दोन मास्तर अडगळीतून तुटका बाक ओढत आणतायत आणि मुख्याध्यापक मधोमध उभे राहून नेपथ्य लावतायत.

"तो चांगला फळा माझ्या खोलीत न्या. तडकलेला इथे. तडा दाराकडून दिसला पाहिजे. आणि बादली कुठाय?"

"सर, बाहेर रखरखीत ऊन आहे. छत गळतंय असं दाखवायचं म्हणजे..."

"ठेवा हो. बादली कधी वाया जात नाही."

बाहेर गाडी थांबते. सगळे आपापल्या जागा घेतात. दारात येतात ते तपासनीस: उंच, किडकिडीत, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं, खांद्याला स्वतःचा चहाचा थर्मास. ते छताकडे बघतात, मग बादलीत डोकावतात.

"छत आत्ता गळतंय?"

"त्याला सवयच लागलीय साहेब."

"बादलीवरची किमतीची चिठ्ठी काढायची राहिली," तपासनीस म्हणतात आणि पुढच्या खोलीत जातात.

असे प्रवेश त्यांनी आयुष्यभर पाहिले. त्यावरूनच शाळाशाळांतून त्यांचं नाव पडलं, बादलीसाहेब. त्यांच्या कानावर ते आलं होतं. वाईट वाटायचं नाही. निदान कुणीतरी आपल्याला स्वतःच्या मनाने काहीतरी म्हणतंय, एवढंच वाटायचं.

त्यांचं काम असं. सरकार शाळांना नेहमीचं अनुदान देतंच. पण ते पुरत नाही हे सरकारलाही कळतं, म्हणून वर्षाच्या शेवटी थोडी पुरवणी ठेवलेली असते. कुणाला एक जास्तीचा शिक्षक, कुणाला छप्पर, एखाद्या कॉलेजला प्रयोगशाळेची टेबलं. मागणारे ढीगभर आणि देणं मूठभर. मग ज्याची गरज खरी त्यालाच मिळावं म्हणून एक माणूस गाडीत घालून गावोगाव पाठवायचा. त्याने 'गरज आहे' लिहिलं तर मिळालं, नाहीतर पुढच्या वर्षी बघू.

एरवी पाहुणा येणार म्हटलं की माणूस फाटकं झाकतो आणि धडकं मांडतो. इथे सगळं उलटं. पण त्या मास्तरांना नावं ठेवू नका. रडल्याशिवाय आई दूध पाजत नाही, आणि ही आई तर लांब कचेरीत बसलेली. फाटकं त्यांच्याकडे खरंच होतं. फक्त ते उठून दिसावं एवढीच त्यांची धडपड.

त्यात बादलीसाहेबांची मात्र गंमत व्हायची. त्यांच्याशी बोलायचे सगळे, पण पाठ केलेलं. शाळेकडून काही घ्यायचं नाही असा नियम, आणि यांनी तो पाण्याच्या पेल्यापर्यंत ताणलेला. मुख्याध्यापकांच्या खोलीतली गादीची खुर्ची समोर आली तरी उभेच राहायचे. चालकाला असा नियम नव्हता. तो आत जाऊन दोनदा चहा पिऊन यायचा आणि गाडीत बसल्यावर सांगायचा, "चहा झकास होता साहेब. तुमच्या वाटचाही मीच घेतला."

संध्याकाळी सरकारी विश्रामगृहाची खोली. एक खाट, एक टेबल, आधीच्या पाहुण्याने विसरलेला साबण. महिन्यातले थोडे दिवस घरी, तर तिथेही दोनच खोल्या. लग्न राहून गेलं होतं. का, ते विचारायला आता कुणी उरलं नव्हतं. दुसऱ्या खुर्चीवर वर्तमानपत्रांची चळत बसलेली असे. रविवारी ताईचा फोन यायचा.

"जेवतोस का नुसता तपासतोस?"

"जेवतो गं."

"कुणाबरोबर?"

यावर ते हवापाण्याचं काहीतरी बोलायचे. ताईही मोठी वस्ताद. "हवा इथेही हीच आहे," म्हणून फोन ठेवायची.

खरं म्हणजे त्यांना शिक्षक व्हायचं होतं. तसं शिक्षणही घेतलं होतं. पण तपासनीसाची जागा आधी निघाली, हातातली सोडवेना, आणि नंतर नंतर करता निवृत्ती दारात आली.

शेवटच्या दौऱ्यातली शेवटची शाळा रस्ता संपतो तिथे होती. फाटकात कुणी उभं नाही. ओसरीत बादली नाही. भिंती घरच्या हातांनी रंगवलेल्या, कारण रंग वरपर्यंत पोचला नव्हता; जिथे हात संपला तिथे रंग संपला होता. चार वर्ग आणि दोन शिक्षिका. पहिली-दुसरीला एक बाई, चौथीला स्वतः मुख्याध्यापिका, आणि मधल्या तिसरीला कुणीच नाही. तिथे युद्ध चालू होतं.

मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, चौथीच्या दारात आल्या. हाताला खडू, पदर खोचलेला.

"तपासणीचे साहेब ना? तपासणी होईल हो. आधी जरा तिसरीत बसा. डोकी फुटतील कुणाची तरी."

"मी?"

"मग इथे दुसरं कोण रिकामं दिसतंय तुम्हाला?"

इतक्या वर्षांत पाठ न केलेलं वाक्य त्यांनी पहिल्यांदा ऐकलं. थर्मास कोपऱ्यात ठेवून ते तिसरीत शिरले.

फळ्यावर एक वजाबाकी अर्धवट पडली होती. चारशे तीनमधून एकशे अठ्ठावीस. पुढच्या बाकावरची एक चुणचुणीत मुलगी उभी राहिली.

"सर, तिनातून आठ जात नाहीत. शेजारच्या घरी उसनं मागायला गेलं, तर तिथे शून्य. आता?"

"मग त्याच्या पलीकडच्या घरी जायचं."

"मधल्याला ओलांडून? त्याला राग नाही येणार?"

"ओलांडून नाही. त्याच्याच हातून घ्यायचं. चार शंभरातला एक मधल्याकडे आला की त्याचे झाले दहा. त्यातला एक तो तुला देतो, नऊ त्याच्याकडे राहतात."

"म्हणजे देणाऱ्याकडे पण राहिलं?"

"राहिलं."

"मग हे घर चांगलं आहे," मुलगी म्हणाली आणि बसली.

मग मागच्या बाकाला ते कळेना, म्हणून पोरंच घरं झाली. एकाने शून्य व्हायला साफ नकार दिला. दुसरा म्हणाला, मी होतो, पण मला नऊ मिळालेच पाहिजेत. बादलीसाहेब हसले. हसताना आपला आवाज कसा लागतो हे त्यांनाही नवंच होतं. शाळा सुटायची वेळ झाली तेव्हा त्यांनी छत पाहिलेलं नव्हतं, नळ पाहिलेला नव्हता, काहीच पाहिलेलं नव्हतं. मुलं पाठीवर दप्तरं टाकत विचारत होती, "सर, परत येणार ना?"

"बघू," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांनी रीतसर तपासणी केली, पण त्या दिवशी सुट्टी होती आणि वर्गात कुणी नव्हतं.

अहवालात त्यांनी सगळं लिहिलं. तिसरीला शिक्षक नाही, गरज खरी आहे. आणि खाली एक ओळ: त्या दुपारी तिसरीचा वर्ग मी स्वतः घेतला. ही ओळ लिहिताना त्यांचं अक्षर जरा मोठं झालं होतं.

वरिष्ठांनी कागद पुढे सरकवला. "ही ओळ कशाला?"

"घडलं ते लिहिलं."

"अहो, तुम्हीच शिकवलेला नियम तुम्हाला सांगू? वर्गावर कुणीही शिकवताना आढळलं की जागा रिकामी धरत नाहीत. हिशेब तपासणारे म्हणतील, शिक्षक होता की मग. शाळेचं अडेल. काढा ती, मी लगेच सही करतो."

नियम तोच होता. एका शाळेत निवृत्त टपालमास्तर हौसेने फुकट शिकवायला येत, तेव्हा याच बादलीसाहेबांनी लिहिलं होतं, 'गरज सिद्ध होत नाही.' त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग त्यांनी ती ओळ खोडली. नुसती आडवी रेघ नाही, वाचता येऊ नये अशी. सही झाली. कागदोपत्री ती दुपार आता कुणाचीच नव्हती.

महिन्याअखेर ते निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात त्यांच्या काटेकोरपणाचं कौतुक झालं. चालकाने एकट्यानेच डोळे पुसले आणि वर म्हणाला, "धूळ हो, गाडीची."

पुरवणीतून त्या शाळेचं पद मंजूर झालं, पण एकदा नवा अधिकारी जाऊन खात्री करून येणार आणि मगच शिक्षक नेमणार, असं ठरलं. एक महिना गेला, दुसरा गेला. बादलीसाहेब घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत. ताईने फोनवर विचारलं, "आता काय तपासतोस? भिंती?"

"ताई, एक वर्ग रिकामा आहे."

"मग जाऊन बस की त्यात. इथे तरी कुठे भरलेलं आहे?"

त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. सकाळी त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, वरचं बटण उघडं ठेवलं. कोपऱ्यावरच्या दुकानातून खडूचा डबा घेतला. बस बदलत बदलत रस्ता संपतो तिथे उतरले. शिक्षक येईपर्यंत तिसरी आपण घ्यायची. पगार नको, चहासुद्धा नको.

मोठ्या बाई त्यांना बघून आधी हसल्या, आणि मग त्यांचा चेहरा उतरला.

"आजच आलात? आज नवे साहेब येणार आहेत खात्री करायला."

"मग बरंच झालं. तुम्ही त्यांना शाळा दाखवा, मी तिसरी सांभाळतो."

"तेच तर नको ना." बाईंना बोलणं जड जात होतं. "तुम्हाला मी काय सांगायचं. वर्गावर तुम्ही दिसलात तर..."

"तर गरज सिद्ध होत नाही," ते म्हणाले.

"शिक्षक येऊ देत. मग या ना. केव्हाही या."

"शिक्षक आल्यावर मी कशाला, बाई?"

 बाईंनी नुसते हात जोडले. बादलीसाहेबांनी खडूचा डबा त्यांच्या हातात दिला आणि ते अंगणातून फाटकाकडे निघाले. तिसरीच्या खिडकीकडे बघायचं नाही असं ठरवून, मान खाली घालून.

पण खिडकीतल्यांनी तसं काही ठरवलं नव्हतं. "सर आले, आमचे सर आले," ओरडत ती वजाबाकीवाली मुलगी पळत आली आणि तिने त्यांची बाही धरली. त्याच वेळी फाटकाशी गाडी थांबली. नवा अधिकारी उतरला. तरुण होता, खांद्याला स्वतःची पाण्याची बाटली होती, आणि त्याचे कान तिखट होते.

"नमस्कार," तो म्हणाला. "तुम्ही शिकवता का इथे?"

ओसरीवर मोठ्या बाई जागच्या जागी थांबल्या. खिडकीत तिसरीची सगळी डोकी. मुलगी मान वर करून त्यांच्या तोंडाकडे बघत होती. तिला उत्तर माहीत होतं. जन्मात कधी खोटं न बोललेल्या माणसाने तिची बोटं एकेक करून बाहीवरून सोडवली.

"नाही हो," बादलीसाहेब म्हणाले. "या मुलीची काहीतरी चूक होतेय. मी बसचा थांबा विचारायला आत आलो होतो."