भाऊजी आणि कलकत्त्याच्या गिटारी

निरोप आला तेव्हा मी चरोद्याच्या रेल्वे यार्डात ड्युटीवर होतो. दुर्गकडून आलेल्या गार्डानं गाडीतून उतरता उतरताच सांगितलं, "तुमचे भाऊजी गेले." कावीळ झाली होती, अंथरूण धरलं होतं, तरी माणूस उठेल असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. भिलाईला, सेक्टर दोनमधल्या त्यांच्या क्वार्टरवर पोचलो तर अंगणात माणसं जमलेली आणि पुढच्या खोलीत टेबलावर एक गिटार पडलेली, पोट उघडं टाकून. मला त्या गिटारीचा राग आला. का, ते सांगता येणार नाही... माणूस गेला आणि ते लाकूड मात्र तसंच. ताई भिंतीला टेकून बसली होती. मूलबाळ नाही, क्वार्टर नोकरीबरोबर जाणार. आता हिचं काय, हेच प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होतं.

जगन भाऊजी, माझ्या शांताताईचे यजमान, मूळचे भंडाऱ्याकडचे. पोलादाच्या कारखान्याची धुराडी उभी राहत होती तेव्हाच फिटर म्हणून भिलाईला आले. क्वार्टरांच्या ओळीत कुणी बंगाली, कुणी मल्याळी, कुणी आमच्यासारखे नागपूरकडचे. बंगाल्यांना हवाईयन गिटारचं भारी वेड. ती मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवर पोलादाची कांडी फिरवायची. कलकत्त्याला स्वस्तातल्या विजेच्या गिटारी मिळत, त्या आणून लोक रेडिओला जोडत. वाजत कमी, गुरगुरत जास्त. एका शेजाऱ्यानं वैतागून आपली गिटार भाऊजींच्या दारात आणून ठेवली. "आप मशीन ठीक करते हैं, इसको भी देखिए." भाऊजींना गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण बिघडलेली वस्तू घरात आली की त्यांना जेवण गोड लागत नसे.

गुरगुर घालवायची तर एक तार जमिनीत गेली पाहिजे, एवढं त्यांना ठाऊक होतं. जमीन खणण्याचा कंटाळा. त्यांनी ती तार सरळ नळाच्या पायपाला गुंडाळली आणि इतवारी सकाळी, नेमकी पाणी यायच्या वेळेला, गिटार वाजवून पाहत बसले. पाइप सगळ्या ओळीला एकच. नळाला हात लावील त्या बाईच्या हाताला झिणझिण्या. शेजारच्या काकू हंडा तिथंच टाकून आल्या. "शांताबाई, नळात करंट हाय वं. तुह्या मालकाले सांग, आमाले जगू दे." भाऊजींनी तार काढली आणि पाळीवर कारखान्यात निघून गेले. पुढं बोलणी खाल्ली ती ताईनं.

पण तिनं एक पाहून ठेवलं होतं. गिटारीच्या पोटाखाली पितळी ताट सरकवलं की गुरगुर थोडी दबते. "बाहेर तार कावून नेता? आतूनच झाका ना," ती म्हणाली. मग चहाच्या पेटीतली चंदेरी पन्नी आली, कणकेची खळ झाली, आणि गिटारीच्या पोटाला आतून अस्तर लागलं. ते अस्तर आतल्या तारेला जोडलं आणि गुरगुर गेली. भाऊजी तिला म्हणाले, "अस्तर लावाचं काम तुहंच. मी आपला स्क्रू फिरवतो." ते चेष्टेत बोलत आहेत असं मला वाटलं. नव्हते.

त्यानंतर गिटारी येतच राहिल्या. तारांखाली एक लोहचुंबक असतं, त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळलेली. स्वस्त गिटारीत ती गुंडाळी ढिली; आवाज त्यामुळंच पातळ येई. ती उसवून नव्यानं, घट्ट गुंडाळायची. भाऊजींचे हात लोखंडाचे, घट्टे पडलेले. तार धरली की तुटली. शेवटी गुंडाळीचं रीळ ताईच्या शिलाई मशीनच्या चाकावर बसवलं. ती चाक फिरवी, दोन बोटांनी तार सोडी आणि ते शेजारी बसून नुसते पाहत. मी एकदा विचारलं, "भाऊजी, तुम्ही काय करून राहिले?" म्हणाले, "मी इथून हललो का तार तुटते." ताई हसली नाही, म्हणजे खरंच असावं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, बुद्धवंदना झाली, पाहुणे चटईवर बसले आणि तिथंच ठरलं : ताईनं दिरासोबत गावी जायचं. शेत आहे, घर आहे, दोन घास मिळतील. तेवढ्यात दारात सेनबाबू आले, ती टेबलावरची गिटार त्यांचीच. दिरानं सांगितलं, "वो तो गुजर गए. आप अपना सामान ले जाइए." त्यांनी हात जोडले आणि गिटार उचलली.

"रखिए," ताई आतून म्हणाली. "अभी लपेटना बाकी है. चरोदा आके ले जाइए." मग मला विचारलं, "तुह्या क्वार्टरमंदी मशीन ठेवाले जागा हाय का?"

मी म्हणालो, "हाय."

दीर चकित. "वैनी, गावाले येत नाई का?"

"गावाले लाईट नाई, भाऊ."

सेनबाबूंनी गिटार परत टेबलावर ठेवली.

गेल्या इतवारी सेनबाबू चरोद्याला आले. माझ्या पुढच्या खोलीत बसून त्यांनी गिटार रेडिओला जोडली, कांडी फिरवली. आवाज स्वच्छ. मलाही कळला, आणि माझा कान म्हणजे यार्डातल्या शिट्ट्यांनी बधिर झालेला. ते आनंदानं गिटार घेऊन गेले आणि मग ताई रडली, भाऊजी गेल्यापासून पहिल्यांदाच. मशीनजवळची दुसरी खुर्ची तिनं रिकामीच ठेवली आहे. त्या खुर्चीकडे पाहून रडली. मी तसाच उभा राहिलो. मग तिनं पदरानं डोळे पुसले, चाकावर नवं रीळ चढवलं आणि म्हणाली, "उभा कावून हायेस? बस इथं. तार तुटते."