डाव्या पंखाचा रंग

लाकडाचं विमान करायचं तर आधी माहिती जमवावी लागते. मी पांगाऱ्याच्या लाकडातून, सहा फुटांना एक इंच या मापानं, जुनी लढाऊ विमानं कोरतो. कोरायला महिना लागतो, पण चाकांची झाकणं कशी उघडायची, वैमानिक कुठल्या बाजूनं चढायचा, हे शोधण्यात वर्ष जातं. आता डोळे दुखतात आणि हौसही थकली आहे. तरी एका विमानाबद्दल लिहायचं राहिलं आहे. इतके दिवस टाळत आलो.

लातूर जिल्हा नवा होता तेव्हा मी तिथं कारकून होतो. कचेरी भाड्याच्या इमारतीत, फायली खोक्यांत, आणि वर दुष्काळ. टँकर मागणारे अर्ज माझ्या टेबलावर यायचे. विहीर आटली असं गावानं लिहून दिलेलं चालत नसे. तलाठ्याचा पंचनामा सोबत नसला की मी 'पुरावा जोडावा' असा शेरा मारून अर्ज परत पाठवायचो. नियम माझा नव्हता, अक्षर माझं होतं.

विमानांच्या वहीतही मी तसाच पुराव्याचा रकाना आखला होता. प्रत्येक तपशिलासमोर लिहायचं: छायाचित्र, पुस्तक किंवा ऐकीव.

त्या वर्षी मी व्हॅम्पायर नावाच्या जुन्या जेटच्या मागे लागलो होतो. त्याचं नाक लाकडाचं असायचं, म्हणून मला ते जवळचं वाटे. हैदराबादच्या फुटपाथवर एक विलायती पुस्तक मिळालं होतं. त्यात रंगीत चित्र होतं, दोन्ही पंखांवर हिरवे आणि करडे पट्टे. बाकी तपशील नव्हते. कचेरीतल्या शिपायानं सांगितलं, कंधारजवळ त्याच्या गावात एक जण हवाई दलातून निवृत्त होऊन आलाय, त्यानं असलीच विमानं दुरुस्त केलीत. रविवारी नांदेडला घरी जाताना मी वाट वाकडी केली.

दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, दारात रिकाम्या घागरींची रांग. पंचेचाळिशीचे, ताठ बसणारे गृहस्थ. मी त्यांना काका म्हणालो, ते मला सायब म्हणाले. पुस्तकातलं चित्र त्यांनी हातभर लांब धरलं, शेपटीवरचा नंबर वाचला आणि हसले.

"हे तर आमचंच. ह्याच्याच पंखाखाली झोपलोय मी. पण चित्र चुकलंय. डावा पंख तांबूस होता."

"दोन्ही हिरवे दाखवलेत, काका."

"लढाईच्या दिसांत सांगितलं, सकाळपर्यंत रंगवा. ब्रश घेऊन आम्ही चौघं. उजवा पंख झाला अन् हिरवा डबाच सरला. मग गेरू कालवला. थांबा, दावतो."

ते उठले. चुलीवरची काजळी आणि देवळीतला गेरू वाटीत घेतला आणि घागर वाकडी केली. आतून काकू ओरडल्या, "पाणी कशाला सांडून राहिलाव? टँकर परवा यायचाय!"

"गिलासभर हाय ग."

"तुमचं विमान पाणी बी पितंय का आता?"

ते हसत राहिले. बोटानं कालवून त्यांनी दाराशेजारी भिंतीवर हातभर पट्टा ओढला. सुकल्यावर तो विटकरी, जरा मळकट दिसू लागला. "अस्साच," ते म्हणाले.

उरलेल्या पाण्याचा मला चहा मिळाला. नाकाची फळी कशी जोडायची, पायरी कुठं, झाकण कुठल्या अंगाला उघडतं, सगळं त्यांनी सांगितलं. मी उतरवून घेतलं. डाव्या पंखाच्या ओळीपुढे मी लिहिलं: ऐकीव.

वही त्यांच्या गुडघ्याजवळच होती. त्यांनी वाचलं.

"ऐकीव? सायब, मी रंगवलाय तो."

"तसं नाही काका, पद्धत आहे. पुस्तकात वेगळं आहे ना."

"हाव. पुस्तकात असंल," ते म्हणाले आणि हात पुसायला उठले. काजळी पुसायला त्यांनी फडकं कोरडंच वापरलं.

तेच एखाद्या निवृत्त अधिकाऱ्यानं नांदेडच्या बंगल्यात बसून सांगितलं असतं, तर मी काय लिहिलं असतं, हा प्रश्न मी स्वतःला फार उशिरा विचारला. उत्तर मला तेव्हाही ठाऊक होतं.

मी विमान पुस्तकाप्रमाणे रंगवलं. त्या पाण्याची लाज वाटत होती म्हणून ते त्यांनाच नेऊन दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांत घेतलं, डाव्या पंखाकडे बराच वेळ पाहिलं. "लई नाजूक काम हाय," एवढंच म्हणाले.

त्यानंतर वीसेक वर्षं गेली. माझ्या बदल्या झाल्या, केस गेले. एके दिवशी इंटरनेटवर कुणा वैमानिकाच्या घरचा जुना रंगीत फोटो सापडला. तोच नंबर. उजवा पंख हिरवा, डावा विटकरी, ब्रशचे फराटेसुद्धा दिसत होते. मी फोटो छापून घेतला, गेरूच्या रंगाची डबी आणि ब्रश पिशवीत टाकला आणि कंधारची बस धरली.

घराला चुना लागला होता. भिंतीवरचा पट्टा गेला होता. काका खाटेवर होते, कान अधू झालेले. माझं विमान पत्र्याच्या पेटीवर होतं, त्याच्यावर धूळ नव्हती.

मी फोटो त्यांच्या हातात दिला. मोठ्यानं म्हणालो, "काका, तुमचं खरं होतं. डावा पंख तांबूसच होता. मी चुकलो."

त्यांनी फोटो पाहिला, मग पेटीकडे पाहिलं.

"न्हाई. हिरवाच होता. हे बघा की. नातवंडांना, पाव्हण्यांना हेच दाखवत आलोय मी."

"तुम्हीच सांगितलं होतं मला. गेरू कालवून दाखवला होता."

"असंल. फोटोत आलाय तर असंल. तुम्हाला जास्त ठावं, सायब."

काकू चहा घेऊन आल्या. मी पिशवीतून डबी काढली, म्हणालो, पंख आत्ता रंगवून देतो, अर्ध्या तासाचं काम आहे. काका खाटेवरून उठले, कसेबसे पेटीपाशी गेले आणि विमानावर हात आडवा धरला.

"नका. बिघडंल ते."

मी डबी परत पिशवीत ठेवली. चहा पिऊन निघालो तेव्हा काकू दारापर्यंत आल्या. "रंगाचं तेवढं मनावर घेऊ नका," त्या म्हणाल्या. "त्यांच्या आता ध्यानात ऱ्हात न्हाई."